रायझेन ५ ३६०० लोडवर ९५ अंशांना टेकतोय: पेस्ट बदलू, कूलर बदलू की दोन्ही?

तापलेला_डबा

एएमडीचा रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, प्रोसेसरसोबत आलेलाच रेथ स्टेल्थ कूलर. कॅबिनेटला पुढे १२० मिमीचा एक पंखा हवा आत घेतो, मागचा एक बाहेर टाकतो. बसवल्यापासून चार वर्षांत कूलर काढलेला नाही, वरवरची धूळ तेवढी ब्रशने झाडली जाते.

व्हिडिओ एन्कोड लावला की चार-पाच मिनिटांत पंखा बोंबलायला लागतो आणि कामाचा वेग पडतो. खोलीत २९ अंश असताना एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये दिसलेले आकडे:

आयडल (काम नसताना): ४४ ते ५८, सतत वरखाली
सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी चाचणी) सुरू केल्यावर तिसऱ्या सेकंदाला: ८१
चार मिनिटांनी: ९५, मग तिथेच
पॅकेज पॉवर: सुरुवातीला ८६ वॅट, ९५ गाठल्यावर ७१
सगळ्या कोअरचा क्लॉक: ३.९ वरून ३.५५ गिगाहर्ट्झ
पंखा: १०० टक्के

नुसती पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती) बदलून भागेल की उंच, उभा टॉवर कूलरच घ्यावा? टॉवर घेतला तर आधी काय काय मोजायचं? एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) कूलर उचलताना प्रोसेसरही त्यातून उपटून येतो म्हणतात, ते कसं टाळायचं? आणि या चिपला पाण्याचा कूलर लागतो का?

अंश_प्रति_वॅट

आकडे दिलेत ते बरं केलंत, नाहीतर नुसतं "खूप तापतो" यावर कोणी काय सांगणार.

आयडलची चिंता सोडा. रायझेन ३००० मालिकेत ब्राउझरने जरा हालचाल केली तरी एखादा कोअर क्षणभर पूर्ण बूस्टला (कमाल वेगाला) जातो आणि तापमान दहा-बारा अंश उडतं. उष्णता तयार करणारा सिलिकॉनचा तुकडा जेमतेम ७४ चौरस मिमीचा आहे, नखापेक्षा लहान, आणि तो प्रोसेसरवरच्या धातूच्या झाकणाच्या मधोमधही नाही. त्यामुळे इथे उडी दिसणारच. लोड सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत २० ते २५ अंशांची वाढ या चिपमध्ये गृहीत धरा.

तुमची उडी मात्र निदान २३ अंशांची, आणि आयडलच्या खालच्या टोकापासून मोजली तर ३७ अंशांची आहे. मग पुढच्या चार मिनिटांत आणखी १४ अंश चढले. म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, आणि आलेखाच्या आकारावरून ते वेगळे काढता येतात.

चिप आणि कूलरचा तळ यांच्यातली वाट बिघडली (पेस्ट वाळली, स्क्रू सैल झाला, तळ तिरका बसला) तर तापमान सेकंदात वर जातं आणि लोड काढताच तितक्याच झटक्यात खाली येतं. धातू तापायला वेळ लागतो, पण इथे उष्णता धातूपर्यंत पोचतच नसते. उलट कूलरचे पंखच (धातूचे पातळ पत्रे) धुळीने बुजलेत, पंखा अशक्त आहे किंवा कॅबिनेटमधली हवाच गरम झाली आहे, तर आलेख सावकाश मिनिटामिनिटाने चढतो आणि लोड काढल्यावरही हळूहळूच उतरतो. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

आता एक हिशोब. चिपच्या तापमानातून खोलीचं वजा करा आणि वॅटने भागा. (९५ − २९) ÷ ७१ = ०.९३ अंश प्रति वॅट. ३६०० ला बोर्डाकडून ८८ वॅटपर्यंत मुभा असते. ६५ वॅट टीडीपी (खोक्यावर लिहिलेला आकडा) म्हणजे प्रत्यक्षात ८८ वॅट पीपीटी (सॉकेटला मिळणाऱ्या विजेची मर्यादा). ८८ × ०.९३ = ८२, त्यात २९ मिळवले की १११. तेवढं तापमान ती चिप होऊ देत नाही, ९५ ला वॅट कापते. तुमचा वेग पडतो तो यामुळे. बेस क्लॉक ३.६ आहे आणि तुम्ही त्याच्याही खाली गेलात, म्हणजे हे खरं थ्रॉटलिंग (तापल्यामुळे चिपने स्वतःचा वेग कमी करणं). ४.२ चा बूस्ट सगळ्या कोअरवर मिळत नाही एवढ्यावरून कोणी थ्रॉटलिंग म्हणत असेल तर ते चूक, तो आकडा एखाद-दुसऱ्या कोअरपुरताच असतो.

साधा १२० मिमीचा टॉवर कूलर नीट बसला तर ०.४५ च्या आसपास येतो. मग ८८ वॅटला ६८-७०.

खरेदीच्या आधी दहा मिनिटांची एक चाचणी करा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तेच सिनेबेंच पुन्हा चालवा. आता तुमचं तापमान ९५ ला अडकलेलं आहे, म्हणून अंशांकडे नाही तर वॅटकडे बघा. झाकण काढल्यावर ७१ चे ८० झाले तर दोष हवेच्या वाटेत आहे आणि नवा कूलरही त्याच गरम हवेत गुदमरेल. ७१ चे ७३ झाले तर कॅबिनेटला दोष देऊ नका.

चौथी_पिन

टॉवर घेण्याआधी तीन मापं आणि एक खात्री.

कॅबिनेटची उंची: प्रोसेसरच्या वरच्या पृष्ठभागापासून बाजूच्या झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते, ती आधी शोधा. स्टेल्थ ५४ मिमीचा बुटका आहे, त्याच्यावरून काही कळणार नाही. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिमी आहे, नॉक्टुआचा एनएच-यू१२एस १५८, एनएच-डी१५ तर १६५. कमाल १६० लिहिलेल्या कॅबिनेटमध्ये १५८ वाला बसतो, पण काचेच्या झाकणाला आतून रबराची पट्टी असेल तर तीही मोजा.

रॅम: टॉवरचा पुढचा पंखा रॅमच्या पहिल्या स्लॉटवर येतो. रॅमवर उंच शोभेचा हीटसिंक असेल तर पंखा वर सरकवावा लागतो, आणि जेवढा सरकवाल तेवढी एकूण उंची वाढते. इथे लोक फसतात: कूलर १५५ चा, पंखा ८ मिमी वर, म्हणजे १६३.

ग्राफिक्स कार्ड: जाडजूड दुहेरी टॉवर घेतला तर खालची कड पहिल्या स्लॉटच्या जवळ येते. एका टॉवरला सहसा अडचण नसते.

खात्री हवी ती एएम४ च्या बैठकीची. भोकांचा आयत ५४ × ९० मिमी. काही कूलर बोर्डासोबतच्या प्लास्टिकच्या कंसांना क्लिपने अडकतात, काही ते कंस काढून स्वतःच्या धातूच्या पट्ट्या लावतात, पण बॅकप्लेट (बोर्डामागची पट्टी, जिच्यात स्क्रू बसतात) मात्र बोर्डाचीच वापरतात. तुमचा स्टेल्थ थेट बॅकप्लेटमध्ये चार स्क्रूंनी बसतो, म्हणजे ते प्लास्टिकचे कंस बसवताना काढून कुठेतरी ठेवलेले असणार. क्लिपवाला कूलर घ्यायचा असेल तर आधी ते शोधा. नसतील तर धातूच्या पट्ट्यांवालाच घ्या.

पंख्याच्या चार पिन म्हणजे ग्राउंड, १२ व्होल्ट, वेग सांगणारी आणि वेग ठरवणारी. नवा पंखा बोर्डावरच्या सीपीयू_फॅन हेडरलाच (पंख्याची वायर लावायच्या पिना) लावा. तो हेडर रिकामा राहिला तर बरेच बोर्ड सुरू होतानाच पंखा नसल्याची चूक दाखवून थांबतात. तीन पिनांचा पंखा असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी बोर्डाची सेटिंग) त्या हेडरचा मोड पीडब्ल्यूएमवरून (चौथ्या पिनेने वेग ठरवणं) डीसीवर (व्होल्टेजने ठरवणं) करा, नाहीतर तो कायम पूर्ण वेगाने फिरेल आणि तुम्ही पुन्हा इथे आवाजाचा धागा काढाल.

पाण्याच्या कूलरचं म्हणाल तर ८८ वॅटला तो लागत नाही. पंप हा आणखी एक फिरणारा भाग, तो बंद पडला की मिनिटाभरात थ्रॉटल. टॉवरचा पंखा मेला तरी धातू काही वेळ तग धरतो आणि पंखा तेवढा बदलता येतो.

पिन_वाकडी

उपटून येण्याबद्दल. एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात आणि सॉकेटची दांडी त्यांना बाजूने पकडून ठेवते, वरून दाबणारी चौकट नसते. पेस्ट वाळून चिकटली की तिची पकड सॉकेटच्या पकडीपेक्षा जास्त भरते. दांडी बंद असतानाच प्रोसेसर ओढला जातो आणि तिरका निघाला तर कडेच्या पिना वाकतात.

टाळायचा उपाय साधा आहे आणि तो वगळायचा नाही. काढण्याआधी दहा मिनिटं सिनेबेंच किंवा एन्कोड चालवा, म्हणजे पेस्ट मऊ पडते. मग मशीन बंद करा, पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, वायर काढा, आणि कॅबिनेटचं पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या. सगळं पाच मिनिटांत उरका, गार झाल्यावर पुन्हा घट्ट होतं. मशीन बंद झाल्यावर, कूलर उचलण्याआधी पंख्याची वायर हेडरमधून काढून ठेवा. ती विसरून कूलर उचलला तर हेडरच हातात येतो.

कॅबिनेट आडवं झोपवा. चारही स्क्रू एका दमात काढू नका. एकाला दोन वेढे, मग तिरक्या समोरच्याला दोन, असं फिरत राहा. शेवटचे दोन स्क्रू सुटताना मागची बॅकप्लेट मोकळी होते आणि कॅबिनेट उभं असेल तर मागच्या बाजूला पडते, म्हणून कॅबिनेट झोपवण्याआधीच मागचं झाकण उघडून ती चिकटपट्टीने धरून ठेवा.

आता कूलर वर ओढायचा नाही. दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलके पिळा, बाटलीचं झाकण सैल करताना करतो तसं, पाच-दहा अंश इकडे, पाच-दहा तिकडे. पिळायला लागला की पकड सुटली. मग एका कडेने उचला. पिळतच नसेल तर जोर लावू नका. स्क्रू परत आवळून, पंख्याची आणि विजेची वायर जोडून, पुन्हा तापवा.

तरी प्रोसेसर चिकटून आलाच तर घाबरून तो परत सॉकेटमध्ये दाबायचा नाही. कूलर उलटा ठेवा, पिना वर. प्रोसेसर आणि तळ यांच्या फटीत दात साफ करायचा धागा घालून करवतीसारखा चालवा, तो सुटतो. सॉकेटची दांडी उभी करा. पिनांच्या रांगा तिरक्या उजेडात डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा, वाकलेली पिन लगेच रांगेबाहेर दिसते. शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचं तोंड पिनेवर चढवून अगदी थोडं थोडं सरळ करा. एकदा वाकवलेली पिन पुन्हा उलटी वाकवली की तुटायला फार वेळ लागत नाही, म्हणून एका दमात बरोबर करायचा प्रयत्न नको. नंतर सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. बोटाने दाबावं लागलं तर काहीतरी अजून वाकडं आहे.

मसुरीएवढी

पेस्टचा भाग मी घेतो, कारण यावर जेवढी भांडणं होतात तेवढी तिची लायकी नाही.

आधी जुनी काढा. ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ मिळालं तर उत्तम, आणि तंतू न सोडणारं कापड किंवा कॉफीचा फिल्टर. पहिल्यांदा कोरड्या कापडाने जाड थर उचला, कडेकडून मध्याकडे, म्हणजे चिखल सॉकेटवर ओघळत नाही. मग अल्कोहोलने दोनदा पुसा आणि एक मिनिट वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, साबणाचं पाणी यातलं काहीही नको.

पेस्टचं काम एकच: दोन धातूंच्या पृष्ठभागांवरच्या सूक्ष्म खड्ड्यांतली हवा हाकलणं. हवेची उष्णता-वहनक्षमता ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, बऱ्या पेस्टची ८ च्या आसपास, तांब्याची ४०० च्या घरात. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा तीनशे पट चांगली आणि तांब्यापेक्षा पन्नास पट वाईट. थर पातळ हवा तो यासाठीच. ४ ची पेस्ट आणि ८ ची पेस्ट यात या चिपवर दोन-तीन अंशांचा फरक पडेल. वाळून भेगाळलेला थर आणि ताजा थर यातला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

किती लावायची? ३६०० हा प्रोसेसर ४० × ४० मिमीचा आहे, वरचं धातूचं झाकण त्याहून जरा लहान. मधोमध मसुरीच्या दाण्याएवढा, चार-पाच मिमीचा ठिपका. कोपऱ्यांपर्यंत खात्री हवी असेल तर मध्ये एक आणि चार बाजूंना मोहरीएवढे चार. पसरवायची गरज नाही, कूलरचा दाब पसरवतो. जास्त झाली तर बाहेर येते, घाण होते, पण साधी पेस्ट वीज वाहत नसेल तर बिघडत काही नाही. कमी पडली तर कोपरे कोरडे राहतात, ते जास्त वाईट.

द्रवरूप धातूची पेस्ट लावा असा सल्ला कोणीतरी देईलच. तिच्यात गॅलियम असतं. गॅलियम अॅल्युमिनियमला अक्षरशः पोखरतं, आणि एक थेंब बोर्डावर पडला तर शॉर्ट. हे या मशीनचं काम नाही.

नवीन कूलरच्या तळावरचा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा काढा. हसू नका, "नवा कूलर बसवला तरी ९५" या तक्रारीतलं हे नेहमीचं कारण आहे.

चौथी_पिन

बसवण्याच्या क्रमात एक भर. पट्ट्या आधी बॅकप्लेटला घट्ट करा, मग पेस्ट, मग कूलर सरळ वरून खाली ठेवा, सरकवत आणू नका. दोन स्क्रूंवाली पट्टी असेल तर एकीकडे तीन वेढे, दुसरीकडे तीन, असं आलटून पालटून, स्प्रिंगवाले स्क्रू स्वतः थांबेपर्यंत. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर तळ तिरका बसतो आणि पेस्ट एकाच बाजूला ढकलली जाते.

पंख्याची दिशा: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या दिसतात तिथून हवा बाहेर पडते, मोकळ्या बाजूने आत येते. टॉवरवर मोकळी बाजू कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाकडे आणि वाऱ्याचा रोख मागच्या पंख्याकडे. उलटा लावला तर मागच्या पंख्याशी भांडत बसेल.

आणि एक गोष्ट स्टेल्थ गेल्यावर कळते: तो खाली बोर्डावर फुंकायचा, त्यामुळे सॉकेटभोवतीचे व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग) आपोआप गार व्हायचे. टॉवर आडवी हवा मारतो. ८८ वॅटला चिंता नाही, पण बोर्डाच्या व्हीआरएमवर हीटसिंक नसेल तर पुढचा पंखा मंद ठेवू नका.

कमी_वॅट

सगळे स्क्रूड्रायव्हर घेऊनच धावलेत. बायोसमध्ये इको मोड किंवा सीटीडीपी ४५ वॅट असा चिपची वॅट-मर्यादा खाली आणणारा पर्याय बहुतेक बी४५० बोर्डांवर आहे. ६५ वॅटची चिप त्यात ६० वॅटच्या आसपास चालते. वरचाच ०.९३ चा हिशोब लावा: ६० × ०.९३ + २९ = ८५. एक स्क्रू न काढता थ्रॉटलिंग बंद. एन्कोडचा वेग वॅटच्या प्रमाणात पडत नाही, कारण शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ सर्वात जास्त व्होल्टेज खातात. शिवाय आत्ता तरी तुम्हाला ७१ च वॅट मिळतायत.

बायोसमध्येच कोअर व्होल्टेज ऑटोवर आहे ना बघा. कोणीतरी कधी तरी १.४ वर कायमचं बांधून ठेवलं असेल तर कुठलाही कूलर पुरणार नाही.

अंश_प्रति_वॅट

@कमी_वॅट: मुद्दा बरोबर, आणि नवा कूलर येईपर्यंत हे आजच करावं. पण तिसऱ्या सेकंदाला ८१ ही उडी पेस्ट संपल्याचं सांगतेय, ती इको मोडने फक्त झाकली जाईल, नाहीशी होणार नाही. पेस्ट पुढे आणखी वाळेल. कूलर एकदा उतरवायचाच आहे, तर स्टेल्थ परत लावायचा की टॉवर, एवढाच प्रश्न राहतो. रोज तासन्‌तास एन्कोड असेल तर टॉवर.

जुना_सॉकेट

मध्येच माझा प्रश्न घुसवतो, विषय तोच आहे. इंटेलचा कोअर आय७-१२७००, एलजीए१७०० सॉकेट. हाताशी आधीच्या एलजीए१२०० सॉकेटचा चांगला टॉवर आहे, पुश-पिनचा (स्क्रूंऐवजी दाबून बसणाऱ्या प्लास्टिकच्या पिना). भोकं जवळजवळ जुळतात असं वाटतं. चालवून घेऊ का?

पिन_वाकडी

नको. एलजीए११५x आणि १२०० या सॉकेटची भोकं ७५ मिमीवर, १७०० ची ७८ वर. दीड-दीड मिमी ओढून बसवलं तर पिना तिरक्या राहतात. शिवाय १७०० मध्ये चिपची एकूण उंची कमी झाली आहे, त्यामुळे जुन्या बैठकीचा दाब कमी पडतो. काही बोर्डांवर दोन्ही मापांची भोकं दिली होती, तिथेही उंचीचा फरक उरतोच. कूलरच्या कंपनीचं १७०० साठीचं वेगळं किट मिळतं का बघा. नंतरच्या एलजीए१८५१ सॉकेटलाही ७८ चंच माप आहे, म्हणजे ते किट पुढेही चालेल.

पुश-पिनबद्दल एवढंच: काढताना डोकं बाणाच्या दिशेने पाव वेढा फिरवून वर ओढायचं. लावताना ते परत मूळ जागी फिरवलेलं असलं पाहिजे, मग तिरक्या जोडीने दाबायचं, टक् असा आवाज येईपर्यंत. नंतर बोर्डाच्या मागून बघायचं: चारही भोकांतून पाय बाहेर आलेत, फाकलेत आणि मधली खिळ पूर्ण आत आहे. तीन बसल्या आणि एक अर्धवट, हा या बैठकीचा ठरलेला रोग.

अंश_प्रति_वॅट

आणि १२७०० ला मर्यादा बघा. ६५ वॅट बेस, टर्बोत ठरावीक वेळेपुरते १८० वॅट. अनेक बोर्ड ही वेळेची मर्यादा काढून टाकतात आणि चिप १८० ला चिकटून बसते. एका टॉवरला ते जड जातं. बायोसमध्ये दीर्घकालीन मर्यादा १२५ वॅट लिहा आणि मग कूलरला नावं ठेवा. ही चिप लांबट आहे, ४५ × ३७.५ मिमी, म्हणून पेस्ट ठिपक्याऐवजी लांबीच्या दिशेने एक रेघ.

तापलेला_डबा

झाकण काढून चाचणी केली: ७१ चे ७४ वॅट झाले. म्हणजे कॅबिनेट निर्दोष धरलं. एका १२० मिमी पंख्याचा टॉवर घेतला, १५५ मिमी, धातूच्या पट्ट्यांवाला. तापवून, पिळून काढला, प्रोसेसर जागेवर राहिला. जुनी पेस्ट खडूसारखी भुगा होऊन निघाली. पापुद्रा काढला होता, पंख्याची दिशा तपासली.

नवे आकडे, खोली २९:

आयडल: ४० ते ५२
तिसऱ्या सेकंदाला: ७८
दहा मिनिटांनी: ८४
पॉवर: ८७ वॅट, क्लॉक ३.९५

थ्रॉटल थांबलं, पण ६८-७० चं काय झालं?

अंश_प्रति_वॅट

(८४ − २९) ÷ ८७ = ०.६३. या कूलरसाठी वाईट. आणि आलेख बघा: पहिल्या तीन सेकंदांत ७८, नंतरच्या दहा मिनिटांत फक्त ६. पंख आणि पंखा यांचं काम मस्त चाललंय, उष्णता त्यांच्यापर्यंत पुरेशी येत नाही. दहा मिनिटं लोड ठेवून हीटपाइपच्या (तळापासून पंखांपर्यंत उष्णता नेणारी नळी) तळाजवळ आणि वरच्या पंखांना बोट लावा. चिप ८४ आणि तळाजवळची पाइप जेमतेम कोमट, असं असेल तर तळ नीट टेकलेला नाही.

कूलर उतरवा आणि पुसण्याआधी पेस्टचा ठसा बघा. सगळं उत्तर त्यात असतं. सगळीकडे सारखा पातळ, जवळजवळ पारदर्शक थर आणि कडेला थोडी पेस्ट बाहेर आली असेल तर बैठक चांगली. एका बाजूला जाड पांढरा पट्टा म्हणजे ती बाजू उचललेली. मध्ये जाड आणि कडा कोरड्या म्हणजे दाबच कमी.

पिन_वाकडी

ताजी पेस्ट चिकटत नाही, तरी पिळूनच काढा. आणि ठसा बघून झाल्यावर तीच पेस्ट वापरून परत टेकवू नका, हवेचे बुडबुडे अडकतात. पूर्ण पुसून नव्याने.

चौथी_पिन

किटमधल्या, पट्ट्यांखाली बसणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या एकदा बघा. बऱ्याच किटमध्ये इंटेलसाठी आणि एएमडीसाठी वेगळ्या उंचीच्या असतात, रंग वेगळा असतो किंवा नुसता नंबर. दोन एका उंचीच्या आणि दोन दुसऱ्या लागल्या तर स्क्रू शेवटपर्यंत फिरतात, हाताला काही जाणवत नाही, पण पट्टी एकीकडे वर राहते.

तापलेला_डबा

नेमकं तेच. ठसा रॅमकडच्या बाजूला जाड, मागच्या बाजूला पातळ. रॅमकडच्या दोन नळ्या उंच होत्या, रंग दोन्हींचा काळाच. बदलल्या, पुसलं, मध्ये मसुरी आणि बाजूंना चार मोहऱ्या, स्क्रू तीन-तीन वेढे.

तिसऱ्या सेकंदाला ६१, दहा मिनिटांनी ६८, ८७ वॅट, क्लॉक ४.० च्या जरा वर. ०.४५ चा हिशोब जुळला.

आता शेवटचं: आयडलला पंखा दर दहा सेकंदांनी गुरगुरतो आणि गप्प होतो. ते कसं थांबवायचं?

चौथी_पिन

पंखा त्या आयडलच्या उड्यांमागे धावतोय. बायोसच्या फॅन कर्व्हमध्ये (किती तापमानाला पंख्याचा किती वेग याचा आलेख) ५५ अंशांपर्यंत सरळ रेघ ठेवा, ३५ टक्के. ७० ला ६० टक्के, ८० ला ८५, ८८ ला १००. आणि त्याच पानावर पंख्याचा वेग वाढायला व कमी व्हायला किती वेळ घ्यायचा याचा आकडा असतो. वाढायला तीन सेकंद, उतरायला पाच-सहा द्या. दोन सेकंदांची उडी मग पंख्याला दिसतच नाही.

३५ टक्क्यांवर पंखा नक्की फिरतो का ते एकदा डोळ्यांनी बघा. काही पंखे २० टक्क्यांच्या खाली थांबतात, काही त्याआधीच.

कमी_वॅट

स्टेल्थ, त्याचे चार स्क्रू आणि उरलेल्या नळ्या एका पिशवीत घालून बोर्डाच्या डब्यात ठेवा. नळ्यांवर मार्करने "एएमडी नाही" लिहा.